मुखवट्याआडची हंटरवाली



दिवसभर रानात राबून आलेला माणूस. आयुष्यात कधी कुणावर हात उगारलेला नाही. वाटेत भांडण दिसलं तर चार पावलं लांबून जाणारा. पण हाच माणूस रात्री जत्रेतल्या तंबूत सिनेमाला बसला आणि पडद्यावर मारामारी सुरू झाली, की मांडी बदलून पुढे सरकतो. नायकाने दुष्टाला उचलून आपटला, की याच्या तोंडून आपोआप शाबासकी बाहेर पडते. शेजारी त्याचा मुलगा असतो, तो तर उभाच राहतो. असे का व्हावे? अहिंसक माणसाला मारामारीच्या चित्रपटात एवढी गोडी का वाटावी?

शाळेतल्या गुरुजींनाही हा प्रश्न पडतो. मधल्या सुट्टीत मुले तोंडाला रुमाल बांधून एकमेकांवर धावून जातात. गुरुजी छडी घेऊन येतात आणि सगळा दोष सिनेमावर टाकून मोकळे होतात. परंतु नुसते रागावून प्रश्न सुटत नाही. म्हणून आज आपण या जातीच्या चित्रपटांचा थोडा इतिहास पाहू, आणि तोही एका चित्रपटाच्या आधाराने. त्याचे नाव 'हंटरवाली'. तो मुंबईत १९३५ साली पडद्यावर आला.

आधी थोडे मागे जाऊ या. आपल्याकडे १९३१ पर्यंत चित्रपट मुके होते. चित्रे हलत, पण बोलत नसत. मुक्या चित्रपटात धावणे, उड्या, घोडदौड, तलवारबाजी यांना फार महत्त्व असे, कारण शब्द नसले तरी ही भाषा सगळ्यांना कळते. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' काढला, त्यात गडावरची लढाई होती. पुढे नावारूपाला आलेले व्ही. शांताराम त्यात शेलारमामा झाले होते. त्याच काळात मास्टर विठ्ठल हा मराठी नट साहसी मूकपटांचा मोठा नायक झाला. लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत.

आता हा फेअरबँक्स कोण? अमेरिकेतला नट. १९२० साली त्याचा 'द मार्क ऑफ झोरो' हा मूकपट आला. दिवसा घरी हा नायक अगदी नेभळट, आळशी श्रीमंत पोरगा. रात्री मात्र काळा मुखवटा चढवून, तलवार घेऊन तो निघतो आणि गरिबांना छळणाऱ्या अधिकाऱ्यांना धडा शिकवतो. एकाच माणसाची दोन रूपे, आणि मधे एक मुखवटा! ही कल्पना साऱ्या जगात पसरली. मुंबईतही आली.

१९३१ साली 'आलम आरा' आला आणि आपला चित्रपट बोलू लागला. गंमत अशी, की बोलता येऊ लागल्यावर चित्रपट फारच बोलू लागला. लांबलचक संवाद आणि गाण्यांवर गाणी. धावणारा, उडी मारणारा नायक एका जागी उभा राहून गाऊ लागला. साहसी चित्रपटांचे दिवस आता सरले, असे पुष्कळांना वाटले.

पण वाडिया बंधूंना तसे वाटले नाही. वाडिया हे पारशी घराणे जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईत आले. जहाजे बांधणाऱ्या या घराण्यातले दोन भाऊ चित्रपटाच्या धंद्यात उतरले. थोरले जमशेद वाडिया, शिकलेसवरलेले आणि लिहिण्यावाचण्याची आवड असलेले. धाकटे होमी, दहा वर्षांनी लहान, यंत्र आणि कॅमेऱ्यात रमणारे. १९३३ साली त्यांनी 'वाडिया मूव्हीटोन' ही कंपनी काढली. परळच्या 'लवजी कॅसल' या वाड्यात त्यांचा स्टुडिओ होता. जमशेद वाडियांना फेअरबँक्सच्या चित्रपटांचे मोठे वेड. तसा नायक बोलपटात आणायचा, हे त्यांच्या मनाने घेतले होते. त्यांनी नायक आणला नाही, श्रोतेहो. नायिका आणली!

ही नायिका कोण, तेही ऐकण्यासारखे आहे. तिचे मूळ नाव मेरी इव्हान्स. जन्म ८ जानेवारी १९०८, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी. बाप इंग्रजी फौजेतला स्कॉटिश शिपाई, आई ग्रीक. बापाची बदली झाली तशी ती लहानपणीच मुंबईला आली. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बाप मारला गेला. पुढे ती काही वर्षे पेशावरकडे राहिली आणि तिथे घोड्यावर बसायला, बंदूक चालवायला शिकली. मुंबईला परत आल्यावर पोट भरण्यासाठी तिने दुकानात विक्रीचे काम केले, लघुलेखन आणि टंकलेखन शिकली, एका रशियन बाईंच्या नृत्यमंडळीत नाचली, झार्को सर्कशीतही काम केले. एका आर्मेनियन ज्योतिषी बाईच्या सांगण्यावरून तिने 'न' अक्षरावरून नवे नाव घेतले. ते नाव नाडिया.

जमशेद वाडियांनी तिला सुचवले, की हिंदू नाव घे आणि सोनेरी केसांवर काळी वेणी लाव. ती म्हणाली, नाव बदलणार नाही आणि वेणीही लावणार नाही. अशी ही बाई! हिंदुस्थानी भाषा तिला धड बोलता येत नव्हती. उच्चार परदेशी. बोलपटाच्या जमान्यात अशा नटीला कोण उभे करणार? पण वाडियांनी ओळखले, की हिचे बोलणे राहू द्या, हिचे हातपाय बोलतात. दोन चित्रपटांत लहान कामे देऊन त्यांनी तिची परीक्षा पाहिली आणि मग 'हंटरवाली' तिच्यासाठी रचला.

गोष्ट साधी आहे. राज्याचा वजीर राणामल हा दुष्ट. राजाला तो कैदेत टाकतो आणि राजकन्या माधुरीशी लग्न लावून गादी बळकवायचा बेत करतो. राजकन्या वाड्यात हतबल दिसते. पण गुपचूप ती तोंडाला मुखवटा बांधते, पायात उंच बूट चढवते, हातात हंटर घेते आणि गोरगरिबांची वाली होऊन राज्यात फिरू लागते. नायक जसवंत हाही नमुनेदार. राजकन्येच्या मोटारीचा त्याला धक्का लागतो, ती भरपाई म्हणून सोने देऊ करते, आणि तो ते घेत नाही! तिथेच तिचे मन त्याच्यावर बसते. पुढे मुखवट्यातली हंटरवाली त्याचाच घोडा पळवते. नंतर तो तिला पकडून वजिराच्या हवाली करतो, ती निसटते, आणि अखेरीस दोघे मिळून वजिराचा निकाल लावतात.

चित्रपटाला सुमारे ८०,००० रुपये खर्च आला. त्या काळी ही मोठी रक्कम. चित्रपट विकत घ्यायला वितरक धजेनात. गोरी बाई, हातात हंटर, पुरुषांना बडवते, हे लोकांना कसे रुचणार? शेवटी वाडियांनी आपल्याच हिमतीवर तो लावला. आणि लोकांनी तो असा काही डोक्यावर घेतला, की मुंबईत तो पंचवीस आठवडे चालला. 'निर्भय नाडिया' हे नाव घरोघर झाले.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. यात लोकांना गोडी कशाची वाटली?

पहिली गोष्ट गुपिताची. मुखवट्यामागे कोण आहे हे वजिराला ठाऊक नाही, शिपायांना नाही, जसवंतलाही नाही. ठाऊक आहे ते फक्त आपल्याला! पाच पैशांचे तिकीट काढून जमिनीवर बसलेला माणूस वजिरापेक्षा शहाणा ठरतो. वजीर राजकन्येपुढे मिशीला पीळ देतो, तेव्हा आपण मनात म्हणतो, थांब लेका, रात्र होऊ दे. कीर्तनात, भारुडात सोंगामागचा माणूस ओळखण्याची जी मजा असते, तीच ही.

दुसरी गोष्ट खऱ्या अंगमेहनतीची. नाडिया आपल्या उड्या आणि आपल्या मारामाऱ्या स्वतः करीत असे. तिच्या जागी बदली माणूस नसे. पुढे १९३६ च्या 'मिस फ्राँटियर मेल' मध्ये तिने आगगाडीच्या टपावर मारामारी केली. धिप्पाड पुरुषाला खांद्यावर उचलून भिरकावणे ही तर तिची ओळखच झाली. १९४२ च्या 'जंगल प्रिन्सेस' मध्ये ती सिंहांबरोबर उभी राहिली. त्या वेळी चमत्कार दाखवण्याची कला नव्हती असे नाही. बाबूभाई मिस्त्री नावाचे कारागीर काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू नाचवीत, म्हणून लोक त्यांना 'काला धागा'च म्हणत. तेही पाहायला छान. पण दोऱ्याने उडालेला माणूस पाहून आपण नवल करतो, आणि खरोखर उडी मारणाऱ्या माणसाला पाहून आपला श्वास अडकतो. आखाड्यात डाव बसला की बघणाऱ्याचाही खांदा हलतो ना? तसे हे आहे. बघणाऱ्याचे अंग त्या अंगाबरोबर हलते.

इथे आणखी एक माणूस लक्षात घ्यायला हवा, ज्याचे नाव पाटीवर येत नाही. तो म्हणजे मार खाणारा. कुस्तीत चितपट होणारा खरा चितपट होतो. सिनेमात पडणाऱ्याला मात्र नेमक्या क्षणी, नेमक्या जागी, हाड न मोडता पडायचे असते. तो वेळेवर पडला नाही, तर मारणाऱ्याचा सगळा पराक्रम वाया. मारामारी ही खरे म्हणजे दोघांनी मिळून केलेली लावणी आहे. पाय चुकला की रंग गेला. नाडिया आधी नाचणारी आणि सर्कशीत कसरत करणारी होती, याचा उपयोग इथे झाला.

तिसरी गोष्ट हसण्याची. या चित्रपटांत मारामारी होते, पण मन उदास होत नाही. नाडियाचा घोडा 'पंजाब का बेटा' हा जणू एक पात्रच. तो संकटात धावून येतो, मालकिणीला सोडवतो. पुढच्या चित्रपटांत एक खटारा मोटार होती, तिचे नाव 'रोल्स रॉईस की बेटी'! कमरेवर हात ठेवून नाडिया खळखळून हसे, तेव्हा भीती पळून जाई. पोराबाळांना घेऊन पाहता येईल, अशी ही मारामारी.

आणि चौथी गोष्ट सगळ्यांत मोठी. ती न्यायाची. चित्रपटाच्या सुरुवातीला अन्याय नीट दाखवला जातो. वजिराने कुणाचे घर बुडवले, कुणाला देशोधडीला लावले, हे आपण पाहिलेले असते. म्हणून हंटरचा फटका नुसता फटका राहत नाही. तो निवाडा होतो. ज्याची जमीन सावकाराच्या वहीत गेली आणि कचेरीच्या पायऱ्या झिजवून ज्याच्या वहाणा फाटल्या, त्याला पडद्यावर निदान एका रात्रीत निकाल लागलेला दिसतो. आपल्या शेतकऱ्याला मारामारी आवडते असे म्हणणे चूक आहे. त्याला उशीर न होणारा न्याय आवडतो.

यात १९३५ सालाचेही एक मर्म आहे. तेव्हा राज्य इंग्रजांचे होते. १९२० पासून मुंबईत चित्रपट तपासणारे मंडळ होते आणि त्याचा प्रमुख पोलीस कमिशनर. स्वातंत्र्य हा शब्द पडद्यावरून उघड उच्चारणे कठीण. पण एका काल्पनिक राज्यात, एका काल्पनिक वजिराने खरा राजा कैदेत टाकला आणि प्रजेतून कुणीतरी मुखवटा बांधून उठले, तर त्यात कापायचे काय? तंबूत बसलेल्यांना मात्र वजीर कोण ते सांगावे लागत नसे. आणि नवल असे, की हा पराक्रम करणारी बाई निळ्या डोळ्यांची, इंग्रजी फौजेतल्या शिपायाची मुलगी! लोकांनी तिला परकी मानले नाही. का? कारण हातात शस्त्र घेऊन घोड्यावर बसलेली बाई आपल्याला अनोळखी नव्हती. अहमदनगरचा किल्ला मोगलांपुढे लढवणारी चांदबिबी आपल्या मातीतली, आणि १८५८ साली रणात पडलेली झाशीची राणी मराठी घरातली लेक. लोकांनी नाडियाचा रंग पाहिला नाही. ती कुणाच्या बाजूने उभी आहे ते पाहिले.

तिच्या चित्रपटांत आणखी एक गोष्ट घडली. त्या काळच्या पडद्यावर बाईने सोसायचे, रडायचे आणि शेवटी क्षमा करायची, असा रिवाज होता. इथे बाईच सोडवणारी झाली. पडद्यासमोर मुलांबरोबर मुलीही बसत होत्या, हे विसरू नये.

आता या कथेतला कडू भाग. शिकलेल्या लोकांनी या चित्रपटांना नाके मुरडली. 'स्टंटपट' हा शब्दच हिणवून उच्चारला जाई. समीक्षक त्यांची दखल घेत नसत. खुद्द जमशेद वाडियांनाही प्रतिष्ठित चित्रपट काढावे असे वाटू लागले. १९४१ साली त्यांनी नर्तिका साधना बोस यांना घेऊन 'राजनर्तकी' काढला, त्याची इंग्रजी आवृत्तीही केली. दोघा भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. होमींनी १९४२ साली 'बसंत पिक्चर्स' ही आपली कंपनी काढली. परळचा तो स्टुडिओ त्याच वर्षी व्ही. शांतारामांकडे गेला आणि तिथे 'राजकमल कलामंदिर' उभे राहिले. मराठी माणूस राजकमलचे नाव आदराने घेतो. त्याच आवारात आधी हंटरवालीचा हंटर कडाडत होता, हे थोड्यांनाच ठाऊक असते. होमींनी १९४३ साली 'हंटरवाली की बेटी' काढला आणि तो पुन्हा चालला. लोकांचे मन बदललेले नव्हते.

नाडियाने १९६८ पर्यंत काम केले. १९६१ साली तिने होमी वाडियांशी लग्न केले. ९ जानेवारी १९९६ रोजी मुंबईत तिचे निधन झाले. त्याआधी, १९९३ साली, जमशेद वाडियांचे नातू रियाद यांनी तिच्यावर एक माहितीपट केला, तेव्हा नव्या पिढीला आणि परदेशातल्या लोकांना तिची पुन्हा ओळख झाली. जे खेड्यापाड्यांतल्या प्रेक्षकांनी पहिल्याच दिवशी ओळखले, ते विद्वानांना कळायला साठ वर्षे लागली!

काळाचा हिशेब एकदा नीट लावून पाहा. अमेरिकेत 'सुपरमॅन' कागदावर आला १९३८ साली, आणि 'बॅटमॅन' १९३९ साली. आज जगभर गाजणाऱ्या अचाट शक्तीच्या नायकांचे हे आजोबा. आमची हंटरवाली त्यांच्याआधी तीन वर्षे मुखवटा बांधून घोड्यावर बसली होती. पुढे १९६६ साली हाँगकाँगमध्ये किंग हू या दिग्दर्शकाने 'कम ड्रिंक विथ मी' हा तलवारबाजीचा चित्रपट काढला. त्यातली नायिका पुरुषवेष घेऊन आपल्या भावाला दरोडेखोरांच्या हातून सोडवायला जाते. ते काम करणारी चेंग पेइ-पेइ हीसुद्धा मुळात नृत्य शिकलेली मुलगी. मुंबईचे हाँगकाँगने पाहून केले असे मी म्हणत नाही. पण दोन दूरच्या बंदरांत, दोन वेगळ्या भाषांत, एकच गोष्ट सिद्ध झाली: चांगली मारामारी नाचाच्या अंगाने होते, आणि सोडवायला निघालेल्या माणसाच्या मागे सगळे जग उभे राहते.

आज संगणकाच्या साहाय्याने माणूस आकाशात उडवता येतो, शहरेच्या शहरे पाडता येतात. त्यातही गंमत आहे. पण जो चित्रपट पाहून आपण घरी येताना काही बरोबर आणतो, त्यात या जुन्याच चार गोष्टी सापडतील: वाटून घेतलेले गुपित, खरी मेहनत, थोडे हसू, आणि चुकता झालेला हिशेब.

तेव्हा गुरुजी, मुलांनी मधल्या सुट्टीत तोंडाला रुमाल बांधला, तर छडी जरा बाजूला ठेवा. त्यांना एवढेच विचारा: तू कुणाला सोडवायला निघाला आहेस? आणि तू पाडतोस तो तुझ्यापेक्षा मोठा आहे, की लहान? ज्याला पहिल्याचे उत्तर देता येते आणि दुसऱ्याचे उत्तर देताना जो मान खाली घालत नाही, तो मुलगा मारामारी शिकलेला नाही. तो गोष्ट समजलेला आहे. उडी मात्र शाळेच्या कौलांवरून मारू देऊ नका. त्यासाठी तालीम आहे, वस्ताद आहे, आणि खाली मऊ माती आहे.

आणि पुढच्या खेपेला मारामारी पाहताना तुमच्या हाताची मूठ आपोआप वळली, तर लाजू नका. फक्त ती कशासाठी वळली, तेवढे घरी जाताना मनाशी विचारा.